नांदेड व लातूरमधील व्यावसायिक स्थावर मालमत्ता क्षेत्रातील महिला

मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या शहरांत दुकानगाळे, कार्यालये, गोदामे, वसतिगृहे, मंगल कार्यालये व व्यापारी भूखंड यांची खरेदी-विक्री, भाडेपट्टा, बांधकाम, मूल्यांकन आणि देखभाल या व्यवसायात महिला दोन रूपांत आढळतात. मालमत्तेच्या कागदावर मालक म्हणून नाव असणे हे जुने रूप होय. मध्यस्थ, वकील, वास्तुविशारद, अभियंता, मूल्यांकनकार, विकासक किंवा वसतिगृहचालक म्हणून व्यवहारात स्वतः उतरणे हे तुलनेने नवे रूप आहे. पहिल्या रूपात नाव असते. परंतु भाडे ठरवणारा, इसार घेणारा आणि ताबा देणारा हात बहुधा घरातील पुरुषाचा असतो. दुसऱ्या रूपात हात स्वतःचा असतो. पण नावावर काही असतेच असे नाही. हे अंतर काही ठिकाणी कायद्याने कमी केले आहे आणि काही ठिकाणी, विशेषतः दुकानगाळ्यांच्या बाबतीत, तसेच राहू दिले आहे.

दोन शहरांचा बाजार

लातूरच्या व्यापारी मालमत्तेचे केंद्र गंजगोलाई आहे. हैदराबाद संस्थानाचे नगररचनाकार फय्याजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार १९१७ मध्ये या वर्तुळाकार बाजारपेठेची उभारणी झाली. मध्यभागी जगदंबा देवीचे मंदिर असून गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. सराफा, कापड, भुसार, मिरची, गूळ, पादत्राणे अशा मालाच्या पेठा या रस्त्यांवर वसल्या. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला आणि २०११ मध्ये शहराला महानगरपालिका मिळाली. तूर व सोयाबीन यांच्या बाजारामुळे गोदामे व डाळ गिरण्या, आणि ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासपद्धतीमुळे शिकवणी वर्ग व वसतिगृहे, असे मागणीचे दोन मोठे प्रवाह येथे आहेत.

गोदावरीकाठच्या नांदेडचा बाजार तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे येणाऱ्या यात्रेकरूंवर, वजिराबादसारख्या जुन्या पेठांवर आणि शिक्षणसंस्था व रुग्णालयांभोवती वाढलेल्या रस्त्यांवर उभा आहे. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ मध्ये स्थापन झाली. २००८ मधील गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने, जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातील निधीसह, शहरात रस्ते, पूल व इतर सुविधांची मोठी कामे झाली. रस्ता रुंद झाला की त्याच्या कडेचे घर हळूहळू दुकान होते, आणि घर दुकान झाले की त्याच्या वाटणीचा प्रश्न उभा राहतो. नदीकाठच्या भूखंडांबाबत निळी व लाल पूररेषा तपासणे हा नांदेडमधील प्रत्येक व्यवहाराचा भाग असायला हवा. तो नेहमी असतोच असे नाही.

मुंबई-पुण्याप्रमाणे बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या मोठ्या कार्यालयांचा बाजार या शहरांत नाही. येथील बाजार ओळखीचा आणि कुटुंबांचा आहे. मालक, विकासक, दलाल आणि भाडेकरू एकमेकांना दोन-दोन पिढ्या ओळखतात. किमतीची बोलणी चहाच्या टपरीवर, आडतीवर किंवा दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या झाडाखाली होतात. अशा बाजारात जाहिरातीपेक्षा बातमी महत्त्वाची असते : कोणता गाळा रिकामा होणार, कोणाच्या घरात वाटणी चालू आहे, कोणाला तातडीने पैसा हवा आहे. ही बातमी ज्या बैठकांत फिरते, तेथे महिलांना जागा नसणे हा या व्यवसायातील पहिला अडथळा मानला जातो.

भूकंपानंतरची पुनर्बांधणी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवण्यात आला. जागतिक बँकेचे साहाय्य असलेल्या या कार्यक्रमात पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली, तर इतर गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करण्यात आले. दुरुस्तीच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून काम करू लागल्या. अनुदानाचे हप्ते, साहित्याचा दर्जा, कोपऱ्यातील बांधणी आणि पट्टे यांची माहिती घरोघर पोहोचवणे व तक्रारी अभियंत्यांपर्यंत नेणे हे त्यांचे काम होते.

हा कार्यक्रम घरांचा होता, दुकानांचा नव्हता. तरीही या भागात बांधकामाविषयी बोलण्याचा अधिकार स्त्रियांना प्रथम मोठ्या संख्येने मिळाला तो येथे. त्याआधी बांधकामावरील स्त्री म्हणजे डोक्यावर पाटी वाहणारी मजूर एवढीच ओळख होती आणि मजूर नाक्यांवर ती आजही तशीच आहे.

नाव, ताबा आणि भाडे

पत्नी, आई किंवा सुनेच्या नावावर गाळा घेण्याची प्रथा दोन्ही शहरांतील व्यापारी कुटुंबांत रूढ आहे. व्यवसायातील देण्यांपासून एखादी मालमत्ता बाजूला ठेवणे, भावाभावांतील वाटणीत ती न येऊ देणे, कर्जासाठी सहअर्जदार उभा करणे आणि ‘घरच्या लक्ष्मीच्या नावाने’ खरेदी शुभ मानणे, अशी कारणे त्यामागे असतात. बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायद्यात (१९८८, सुधारणा २०१६) पती किंवा पत्नी आणि अपत्यांच्या नावे ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मालमत्तेला अपवाद असल्याने पत्नीच्या नावे केलेली अशी खरेदी बेकायदेशीर ठरत नाही. मात्र पतीने पुरेशा मोबदल्याशिवाय पत्नीच्या नावे केलेल्या मालमत्तेचे भाडे आयकराच्या हिशेबात पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. म्हणजे कर आकारताना कायदा अशा मालकिणीकडे पाहत नाही, तिच्या पतीकडे पाहतो.

खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकासमोर छायाचित्र, अंगठ्याचा ठसा आणि सही तिची होते. त्याच सुमारास अनेकदा पती, दीर किंवा मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्रही केले जाते. त्यानंतर भाडेकरार, अनामत रक्कम, वीजजोडणी आणि महानगरपालिकेचा मालमत्ता कर यांपैकी कशासाठीही तिची गरज पडत नाही. साधे कुलमुखत्यारपत्र ते करून देणाऱ्या व्यक्तीला रद्द करता येते. भारतीय करार कायद्यानुसार अडचण येते ती मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मालमत्तेत निर्माण झाला असेल तेव्हाच. ही गोष्ट सही करणाऱ्या स्त्रीला क्वचितच सांगितली जाते. एखाद्या गाळ्याची मालकीण खरोखर मालकीण आहे का, हे कळण्यासाठी मूळ खरेदीखत कोणाच्या कपाटात आहे, भाडे कोणाच्या बँक खात्यात जमा होते आणि भाडेकरू दुरुस्तीसाठी कोणाला फोन करतो, हे तीन प्रश्न पुरेसे असतात.

शासनाच्या सवलतींनीही घर आणि दुकान यांत भेद केला आहे. केवळ महिलेच्या नावे मालमत्ता खरेदी केल्यास महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. परंतु ती निवासी मालमत्तेपुरतीच आहे. सवलतीने घेतलेले घर १५ वर्षे पुरुषाला विकता येणार नाही ही मूळची अट २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली, पण सवलत निवासीच राहिली. पती, पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांना बक्षीसपत्राने मालमत्ता देताना नाममात्र २०० रुपये मुद्रांक शुल्काची जी तरतूद आहे, तीही निवासी व शेतजमिनीसाठी आहे. त्यामुळे वडिलांना मुलीला राहते घर द्यायचे असेल तर खर्च नगण्य येतो. गोलाईतला गाळा द्यायचा असेल तर बाजारमूल्यावर टक्केवारीने शुल्क भरावे लागते. उत्पन्न देणारी मालमत्ता मुलींकडे कमी जाण्याच्या अनेक कारणांत हे एक आहे, आणि ते सर्वांत सहज दुरुस्त करता येण्याजोगेही आहे.

वारसा आणि हक्कसोड

हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार वडील मृत्युपत्र न करता मरण पावल्यास त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत विधवा, आई, मुलगे व मुली यांना समान हिस्सा मिळतो. बाजारातील बहुतेक दुकाने एका पिढीत कमावलेली असल्याने मुलींचा हा हक्क १९५६ पासूनच आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने मुलींना सहदायाद केले, परंतु त्यातून दुरुस्तीपूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद संपवला. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी, २००५ मध्ये वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, असे स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या कायदेशीर वाटण्या मात्र कायम राहतात.

मूळ कायद्याच्या कलम २३ नुसार कुटुंबाच्या वापरातील राहत्या घराची वाटणी मुलींना मागता येत नसे. दुकानाला ही बंदी नव्हती. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने घरापेक्षा गाळ्यावर हक्क सांगणे मुलीला अधिक सोपे होते. व्यवहारात उलट घडत आले. दुकान हे ‘भावांचे पोट’ मानले गेले आणि वडिलांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या करण्याची रीत पडली. त्या बदल्यात दिवाळीची भाऊबीज, साडीचोळी आणि उघडे राहिलेले माहेर, एवढी अपेक्षा असे. हक्कसोड करणाऱ्या बहिणीला मालमत्तेचे मूल्यांकन दाखवण्याची प्रथा नाही. ज्या गाळ्यावर तिने सही केली त्याचे महिन्याचे भाडे किती, हे तिला अनेकदा सही करतानाही ठाऊक नसते.

सहवारसांपैकी कोणी आपला हिस्सा विकायचे ठरवल्यास इतर वारसांना तो आधी विकत घेण्याचा हक्क याच कायद्याच्या कलम २२ ने दिला आहे. हक्क सोडायचाच असेल, तर तो मूल्यांकन करून भावालाच विकण्याचा मार्ग यातून खुला होतो. वाटणीचे दस्त करणाऱ्या महिला वकिलांचे काम येथे केवळ कारकुनी राहत नाही. बहिणीला एकटीला बसवून, भावांच्या अनुपस्थितीत, दस्तातील मजकूर समजावून सांगणे पुरुष वकिलाला अवघड जाते. महिला वकिलाला ते शक्य होते. लातूरचे दयानंद विधी महाविद्यालय आणि नांदेडचे नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय यांसारख्या संस्थांमुळे कायद्याचे शिक्षण मुलींना गावाजवळच उपलब्ध झाले आहे.

मुस्लिम कुटुंबांत मुलीचा वाटा वैयक्तिक कायद्याने मुलाच्या निम्मा ठरलेला आहे. तो कागदावर निश्चित असला, तरी दुकानाच्या बाबतीत तो प्रत्यक्ष मागितला जाणे तेथेही तितकेच दुर्मीळ आहे.

जुन्या भाडेकरूंच्या घरातील स्त्रिया

पेठांतील अनेक गाळे पगडीचे किंवा जुन्या भाडेकरूंचे आहेत. मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा लागू होता. त्याची व राज्याच्या इतर भागांतील अशाच कायद्यांची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने घेतली. या कायद्यानुसार व्यवसायाच्या जागेचा भाडेकरू मरण पावल्यास, मृत्यूच्या वेळी त्या जागेत त्याच्यासोबत व्यवसाय करणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण जाते. असा कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो.

या तरतुदीमुळे दुकानात बसणाऱ्या पत्नीचे किंवा मुलीचे काम दाखवता येणे महत्त्वाचे ठरते. दुकान परवाना, वस्तू व सेवा कर नोंदणी, बँक खाते किंवा भागीदारीपत्र यांत तिचे नाव असेल, तर ‘ती तर नुसती बसायची’ हा युक्तिवाद टिकत नाही. गल्ल्यावर वीस वर्षे बसूनही एका कागदावर नाव नसलेल्या विधवेला मात्र दिरांच्या किंवा जागामालकाच्या मेहेरबानीवर राहावे लागते. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या या कायद्याच्या संरक्षणाबाहेर आहेत, त्यामुळे मालक मंडळी अशा भाडेकरूंना पसंती देतात.

मध्यस्थी आणि महारेरा

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ आणि त्याखाली २०१७ मध्ये स्थापन झालेले महारेरा यांमुळे दलालीच्या व्यवसायाला प्रथमच परवान्याची चौकट मिळाली. या कायद्यातील सदनिकेच्या व्याख्येत दुकान, कार्यालय, शोरूम व गोदाम यांचाही समावेश आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील आणि आठपेक्षा अधिक गाळ्यांच्या प्रकल्पाची नोंदणी आवश्यक असते आणि अशा प्रकल्पातील गाळे विकणाऱ्या मध्यस्थालाही नोंदणी लागते. व्यक्तिगत मध्यस्थासाठी नोंदणी शुल्क १०,००० रुपये असून नोंदणी पाच वर्षे वैध असते. नोंदणीविना काम केल्यास दिवसाला १०,००० रुपये, कमाल मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०२३ मध्ये महारेराने मध्यस्थांसाठी २० तासांचे प्रशिक्षण व परीक्षा आवश्यक केली.

परीक्षेचा परिणाम पुरुष दलालांवर आणि महिलांवर वेगवेगळा झाला. वर्षानुवर्षे ओळखीवर व्यवसाय करणाऱ्यांना ती अडचण वाटली. ज्यांच्याकडे ओळखीचे जाळे नव्हते, पण अभ्यासाची सवय होती, त्यांच्यासाठी प्रमाणपत्र हे दाखवण्याजोगे पहिले ओळखपत्र ठरले. लग्नानंतर नोकरी सोडलेल्या पदवीधर स्त्रिया, विमा किंवा अल्पबचत प्रतिनिधी म्हणून काम केलेल्या स्त्रिया यांना हा मार्ग जवळचा वाटतो, कारण घरोघरी जाणे आणि पैशाविषयी बोलणे याची सवय त्यांना आधीपासून असते.

मात्र चौकटीला एक मोठी खिंड आहे. कायद्यातील मध्यस्थाची व्याख्या विक्रीशी जोडलेली आहे. पूर्ण झालेल्या जुन्या गाळ्यांची फेरविक्री आणि भाड्याने देणे-घेणे यांचा बहुतांश व्यवहार तिच्याबाहेर राहतो. नांदेड-लातूरच्या दलालाचे रोजचे काम नेमके हेच आहे. त्यामुळे प्रमाणपत्रधारक महिला मध्यस्थाला भाड्याच्या व्यवहारात विनानोंदणी दलालाशी त्याच्याच मैदानावर स्पर्धा करावी लागते. विक्रीत साधारण एक ते दोन टक्के आणि भाड्याच्या व्यवहारात एक महिन्याचे भाडे अशी दलाली रूढ आहे. तिचा दर कायद्याने ठरलेला नसल्याने लेखी करार नसलेल्या मध्यस्थाची दलाली बुडणे ही नेहमीची घटना आहे. व्यवहार जुळल्यावर मालक आणि ग्राहक परस्पर भेटून मधल्या व्यक्तीला बाजूला काढतात. ती व्यक्ती स्त्री असल्यास ‘ताई, तुम्ही फक्त जागा दाखवली’ असे सांगणे त्यांना अधिक सोपे जाते.

बँकांना शाखेसाठी जागा मिळवून देणे हा या व्यवसायातील तुलनेने स्वच्छ भाग आहे. बँका वृत्तपत्रांत जागेची जाहिरात देतात आणि तांत्रिक व आर्थिक अशी दोन स्वतंत्र पाकिटे मागवतात. चटई क्षेत्र, तळमजला, वीजभार, वाहनतळ, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांची पूर्तता येथे निर्णायक असते. टपरीवरच्या बैठकीला फारसे महत्त्व नसते. कागद नीट लावणाऱ्याला यश मिळते, आणि मालकाला पुढे त्या भाड्याच्या आधारावर कर्जही उभारता येते.

जुने दस्त आणि शोध अहवाल

मराठवाड्यातील मालकीहक्काचा शोध हे स्वतंत्र कौशल्य आहे. १९४८ पूर्वी हा भाग हैदराबाद संस्थानात असल्याने जुनी महसुली कागदपत्रे मोठ्या प्रमाणात उर्दूत आहेत. खरेदीखताला आजही अनेक लोक ‘बैनामा’ म्हणतात. शहरालगतच्या सातबाऱ्याच्या मागे खासरा पत्रक, कुळाच्या नोंदी, इनामाच्या सनदा असे थर असतात. देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश व निर्वाहासाठी दिलेल्या मदतमाश जमिनी, वक्फ मालमत्ता आणि वर्ग दोनच्या जमिनी यांचे हस्तांतरण सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीवाचून झाले असेल, तर त्यावर उभ्या राहिलेल्या व्यापारी संकुलातील प्रत्येक गाळेधारक अडचणीत येतो. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने पाडलेले तुकडे हा दुसरा धोका होय. गुंठेवारी नियमितीकरणाच्या २००१ च्या कायद्याची मर्यादा पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवण्यात आली, परंतु नियमितीकरणाचा दाखला प्रत्यक्ष घेतला आहे का, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते.

शोध अहवाल तयार करण्याचे काम कार्यालयात बसून, नोंदवह्या व संगणकीय सूची तपासून करता येते. बाजारातल्या बैठकीशी त्याचा संबंध नसल्याने महिला वकिलांनी या कामात लवकर जम बसवला, असे दिसते. उर्दू वाचता येणे हे येथे थेट कमाईचे कौशल्य आहे. उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलींना त्याचा उपयोग होऊ शकतो, याकडे विधी महाविद्यालयांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

मूल्यांकन आणि नकाशा मंजुरी ही अशीच पात्रतेवर चालणारी क्षेत्रे आहेत. डिसेंबर २०२० पासून राज्यभर, बृहन्मुंबईसारखे काही भाग वगळता, एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाल्याने नांदेड व लातूरमधील वास्तुविशारदाला पुण्याच्या वास्तुविशारदाइतकेच नियम अभ्यासावे लागतात, आणि ते एकदा आले की काम कोणत्याही शहरात करता येते. लातूरचे शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतन, पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आणि नांदेडचे श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थान यांनी या भागातील मुलींना तांत्रिक शिक्षणाची वाट दिली. शिकलेल्या मुलींपैकी अनेक जणी पुण्याला जातात, हे या वाटेचे दुसरे टोक आहे.

लातूरची वसतिगृहे

लातूरमध्ये महिलांनी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या हाताने चालवलेला व्यापारी मालमत्तेचा प्रकार शोधायचा असेल, तर तो वसतिगृहांत आणि खानावळींत सापडतो. राजर्षी शाहू व दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांमुळे बाहेरगावचे विद्यार्थी येऊ लागले. पुढे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या शिकवणीने जुन्या औद्योगिक वसाहतीतील उद्योग भवन परिसर व्यापला. शहरात त्याला सर्रास ‘ट्यूशन एरिया’ म्हणतात. आसपासच्या वस्त्यांत राहत्या घरावर मजले चढले.

मुलींच्या वसतिगृहासाठी पालक संचालिका कोण आहे हे आधी विचारतात. ‘मॅडम इथेच राहतात का?’ हा प्रश्न भाड्याच्याही आधी येतो. इतर ठिकाणी अडथळा ठरणारे स्त्रीत्व येथे व्यवसायाचे भांडवल होते. सुरुवात बहुधा दोन खोल्या आणि डब्यापासून होते. नंतर शेजारची इमारत भाडेपट्ट्याने घेऊन तिच्या खोल्या विद्यार्थिनींना देण्यापर्यंत ती जाते. इमारत मालकाची, जोखीम संचालिकेची आणि भाडे दर महिन्याला, अशी ही रचना आहे. परीक्षा संपल्यावर खोल्या रिकाम्या होतात, पण इमारतीचे भाडे थांबत नाही; त्यामुळे भाडेपट्टा किती महिन्यांचा, मधेच सोडता येतो का, आणि अनामत किती दिवसांत परत मिळेल, या तीन अटींवर नफा-तोटा ठरतो.

पाणी हा आणखी एक हिशेब आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यानंतर इमारत पाहायला आलेली संचालिका खोल्यांच्या आधी विंधन विहीर आणि टाकीची क्षमता पाहते. नियमांच्या बाजूने, दरमहा दरडोई २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला २०२४ पासून वस्तू व सेवा करातून सूट आहे. अग्निसुरक्षेसाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसुरक्षा उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. राहत्या घराच्या परवानगीवर उभ्या असलेल्या अनेक इमारतींना हीच अट सर्वांत जड जाते, आणि दुर्घटना घडल्यास जबाबदारी ज्या व्यक्तीच्या नावाने वसतिगृह चालते तिच्यावर येते. नावापुरती संचालिका असलेल्या स्त्रीलाही त्यातून सूट नाही.

संघटना

अमेरिकेत व्यावसायिक स्थावर मालमत्तेतील महिलांची ‘क्रू नेटवर्क’ ही संघटना १९८९ मध्ये स्थापन झाली. सदस्यांनी एकमेकींना व्यवहार मिळवून देणे हा तिच्या कामाचा गाभा आहे. भारतात विकासकांच्या क्रेडाई या संघटनेची महिला शाखा आणि नारेडकोची ‘माही’ ही शाखा कार्यरत आहेत. त्यांचा भर विकासक कुटुंबांतील स्त्रियांवर अधिक आहे. भाड्याच्या व्यवहारांवर जगणारी मध्यस्थ किंवा वसतिगृह चालवणारी स्त्री यांत सहसा येत नाही. मराठवाड्यात तिच्या जवळची संस्था म्हणजे बचत गट. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने बचत गटांचे जाळे उभे केले. गटातील ओळखीतून गाळा रिकामा झाल्याची बातमी किंवा वसतिगृहासाठी विद्यार्थिनी मिळणे, हे टपरीवरच्या बैठकीला मिळालेले छोटेसे उत्तर आहे.

जागेवरील सुरक्षितता

रिकामी इमारत अनोळखी ग्राहकाला दाखवणे हा मध्यस्थीचा अटळ भाग आहे. बांधकाम चालू असलेल्या संकुलात वीज नसते, वरचे मजले ओस असतात आणि ग्राहक बहुधा दुकान बंद झाल्यावर, संध्याकाळनंतर वेळ मागतो. त्यामुळे महिला मध्यस्थ दिवसाउजेडी भेट ठरवणे, ग्राहकाचे ओळखपत्र आधी मागवणे आणि सोबत कोणाला तरी नेणे असे नियम पाळतात. सोबतीचा खर्च व हुकलेला ग्राहक हा त्यांच्या व्यवसायाचा न दिसणारा कर आहे.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा अशा प्रसंगी लागू होऊ शकतो. कामानिमित्त भेट दिलेली कोणतीही जागा या कायद्यात कामाचे ठिकाण मानली जाते आणि तक्रारदार महिला तेथे नोकरीला असलीच पाहिजे असे नाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती नसते. दलालांची जवळपास सर्व कार्यालये याच गटात मोडतात. अशा ठिकाणची किंवा प्रत्यक्ष मालकाविरुद्धची तक्रार जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी करता येते. सबळ कारण असल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते.